क्रेडिट खात्यात आहेत, पण पदवी कोण देणार?

प्रश्न : मी २०२४ साली इचलकरंजीत बी.कॉम.ला प्रवेश घेतला. चार सेमिस्टर झाली, एकही विषय राहिलेला नाही, ८८ क्रेडिट जमा आहेत. आता लग्न ठरलं आहे, सासर नागपूरला. तिसरं वर्ष तिकडेच करावं म्हणून एका कॉलेजात चौकशी केली. ते म्हणाले, "एबीसी आयडी आहे ना? मग क्रेडिट आपोआप येतात. आधी फी भरा, टीसी आणा, बाकीचं नंतर बघू." घरचे म्हणतात भरून टाक. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फी इतक्यात भरू नकोस, आणि टीसी तर मुळीच काढू नकोस. एकदा टीसी निघाली की जुन्या कॉलेजातली तुझी जागा गेली.

माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या पात्रता विभागात झाली. 'बाकीचं नंतर बघू' याचा अर्थ तिथे बसलेल्यांना बरोबर कळतो : प्रवेश तात्पुरता. दुसऱ्या विद्यापीठातून आलेली मुलगी पात्र आहे की नाही, हे कॉलेज ठरवत नाही, विद्यापीठ ठरवतं. कॉलेज फी घेऊन वर्गात बसवतं, फाईल विद्यापीठात सावकाश पोचते आणि सेमिस्टर अर्धं सरल्यावर 'अपात्र' असा शेरा येतो. अशी मुलं आईवडिलांना घेऊन आमच्या टेबलासमोर उभी राहायची. तोवर जुन्या कॉलेजचे प्रवेशही बंद झालेले असायचे. हे टाळता येतं, म्हणूनच इतकं सविस्तर लिहिते आहे.

एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे श्रेयांक, नोंदवून ठेवणारं हे ऑनलाइन खातं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) तिचे विनियम २०२१मध्ये आणले. खात्यात ८८ दिसतात याचा अर्थ, तुझ्या विद्यापीठाने ते तुला दिले आणि तिथे नोंदवले. नागपूरचं विद्यापीठ त्यातले किती धरणार, हा त्यांचा निर्णय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि काउंटरवरचा माणूस त्या एकच असल्यासारखं बोलतो.

तुझ्या बाबतीत खरी अडचण मात्र पुढे आहे. त्याच विनियमांनुसार, जी संस्था पदवी देणार तिच्याकडे एकूण क्रेडिटपैकी किमान ५० टक्के मिळवलेले असावे लागतात. तुझी तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरू. निम्मे ६६. तू नागपूरला जाऊन तिसऱ्या वर्षाचे फक्त ४४ मिळवणार. मग नागपूरने पदवी कशाच्या आधारावर द्यायची?

हाच हिशेब उलटा करून बघ. ८८ क्रेडिट तुझ्या जुन्या विद्यापीठाचे आहेत, म्हणजे दोनतृतीयांश. पदवी त्यांनीच द्यायची आणि उरलेल्यांपैकी काही क्रेडिट तू बाहेरून आणायचे, हा रस्ता तुला सोयीचा आहे. त्यासाठी त्यांची आधी मंजुरी हवी. 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरचे अभ्यासक्रमही यात चालू शकतात; एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत ते घेण्याची मुभा २०२१पासून आहे, पण कोणते चालतील ते विद्यापीठच ठरवतं. तिसरी वाट नागपूरलाच चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची. तिचे एकूण १७६ धरले तर आणलेले ८८ आणि तिथले ८८, बरोबर निम्मे. एक वर्ष जास्त लागेल, पण पुढे एम.कॉम. करायचं मनात असेल तर विचार कर.

आता फाईलवर प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून विषयागणिक पेन्सिलीने खुणा केल्या जातात. नाव सारखं आहे एवढ्यावर भागत नाही, आतले घटक आणि तास बघतात. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. समज, कॉस्ट अकाउंटिंग तू तिसऱ्या सेमिस्टरला केलंस आणि तिकडे ते पाचव्याला आहे, तर तुला तोच विषय पुन्हा. आणि त्यांच्या मुलांनी दुसऱ्या वर्षाला केलेला एखादा विषय तुझ्याकडे नसेल, तर तो वरून जादा. ओपन इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचे इतर शाखांचे विषय), भाषा यांवर फारसं अडत नाही. अडतं ते मेजरच्या, म्हणजे मुख्य शाखेच्या विषयांवर. त्यामुळे गुणपत्रिकांबरोबर चारही सेमिस्टरचा अभ्यासक्रम, कॉलेजच्या शिक्क्यासह, जोडायचाच.

अर्ज विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे कर, कॉलेजकडे नाही. त्यात स्पष्ट विचार : माझ्या ८८पैकी किती क्रेडिट धरणार, कोणते विषय नव्याने करावे लागतील, आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळेल? उत्तर लेखी हवं म्हण. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. असाच अर्ज जुन्या विद्यापीठालाही दे, बाहेरचे क्रेडिट घेऊ द्याल का म्हणून. हे सगळं प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या बरंच आधी व्हायला हवं.

घरच्यांनी घाईने फी भरलीच, तरी हातपाय गाळू नकोस. प्रवेश रद्द केल्यावर किती पैसे परत मिळायचे याचे यूजीसीचे नियम आहेत. २०१८च्या अधिसूचनेत टप्पे दिलेत : प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून बाकी सगळी फी परत, त्यानंतर कमी कमी होत जाते. मूळ गुणपत्रिकाही कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. पडताळून परत घे, झेरॉक्स दे.

तुझं लग्न आहे म्हणून मुद्दाम सांगते : एबीसीचा आयडी आधारशी जोडलेला असतो, आणि गुणपत्रिकांवर तुझं माहेरचं नाव आहे. पदवी हातात येईपर्यंत आधारवरचं नाव बदलू नकोस. सासरच्यांना कारण सांगितलंस तर ते समजून घेतील. आणि आजच खातं उघडून चारही सेमिस्टर दिसतात का ते बघ. एखादं दिसत नसेल तर ते तुला भरता येणार नाही, विद्यापीठाच्या परीक्षा विभागालाच चढवावं लागतं. इचलकरंजीहून कोल्हापूरला तुझ्या विद्यापीठात एक फेरी मारून ते काम लग्नाच्या आधी उरकून घे. नागपूरहून फोनवर ते व्हायचं नाही.