'गुप्त पिस्तूल' नव्हे, झाकलेलं पिस्तूल

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत ऑफ-ड्युटी पोलिसांना 'कन्सील्ड कॅरी'ची, म्हणजे दिसणार नाही असं शस्त्र जवळ ठेवण्याची, मुभा देणारा कायदा आहे. याला मराठीत 'गुप्त शस्त्र बाळगणे' म्हणावं की 'छुपं शस्त्र बाळगणे'?

दोन्ही नको. बातम्यांत हे दोन्ही शब्द वाचून वाचून वीट आला आहे. गुप्त शस्त्र म्हणजे जे अस्तित्वात असल्याचाच शत्रूला पत्ता नाही असं शस्त्र. 'छुपं'ला तर चोरटेपणाचा वास येतो: छुपा कॅमेरा, छुपा हेतू. इथे पोलिसाने कमरेला पिस्तूल लावून वरून सदरा सोडलेला असतो, बस्स. खात्याला ते ठाऊक असतं, फक्त समोरच्याला दिसत नाही. म्हणून 'झाकून बाळगणे' म्हणा.

शिवाय झाकणं ही कायद्याची अटच आहे. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २२ जुलै २००४ रोजी सही केलेला 'लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स सेफ्टी ॲक्ट' पात्र पोलिसाला कुठल्याही राज्यात पिस्तूल जवळ ठेवू देतो, पण झाकलेलंच. उघडं लावलं की या कायद्याचं कवच संपलं, मग त्या त्या राज्याचा नियम. खात्याचं फोटो ओळखपत्र जवळ हवं, दारू प्यायलेली नसावी. खाजगी जागेच्या मालकाला राज्याच्या कायद्याने बंदी घालता येत असेल तर तीही कायम. निवृत्तांनाही सवलत आहे. त्यासाठी पूर्वी १५ वर्षांची सेवा लागे, २०१० पासून १० पुरते.

आता 'गुप्त'कडे, कारण खरी गंमत तिथेच आहे. कायद्याच्या नावात 'सेफ्टी' आणि मजकुरात 'कन्सील्ड', म्हणजे रक्षण आणि झाकण. संस्कृतात या दोन्ही अर्थांना एकच शब्द पुरतो: 'गुप्त', आधी राखलेला, मग लपवलेला. आणि त्याचं मूळ गोठ्यात आहे! ऋग्वेदात 'गोपा' म्हणजे गाई राखणारा, गो अधिक पा. त्यावरून 'गोपायति', गुराख्यासारखी राखण करतो. त्यातून पुढे 'गुप्' हा धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ, सुटा झाला. ज्याची राखण करायची ते नजरेआड ठेवायचं, म्हणून अर्थ सरकला. दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात सोम आच्छादनांनी 'गुपित' आहे: झाकलेला आणि म्हणूनच सुरक्षित. आपलं 'गुपित' हुबेहूब तेच रूप, आणि काठीत पातं दडवलेली 'गुप्ती' त्याच घरातली.

धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, उघडून 'गुपू रक्षणे' (गुप् म्हणजे राखणे) ही नोंद दाखवणारे म्हणतात, धातू मूळचाच आहे, गाईगुरं मध्ये आणू नका. त्यांनी पाणिनीचंच ३.१.२८ हे सूत्र नीट वाचावं. 'गोपायति'मधला 'आय' सिद्ध करायला पाणिनीला वेगळं सूत्र करावं लागलं आणि तो प्रत्यय मिळाला गुप्, धूप्, विच्छ्, पण्, पन् या पाचच धातूंना. धातू मूळचा असता तर एवढी खास सोय कशाला? शेजारचं 'धूपायति' तर उघड उघड 'धूप' या नामावरून आलेलं आहे. 'गोपायति'ही तसंच 'गोपा'वरून. धातुपाठ ही व्याकरणाची यादी आहे, शब्दांचा जन्मदाखला नव्हे, हे मान्य करायला एवढी अडचण का व्हावी? 'जुगुप्सा'ही याच गुप्ची: स्वतःला राखू पाहणं, मग दूर राहणं, मग किळस.

'प्रच्छन्न' सुचवणाऱ्यांचा अर्थ बरोबर आहे, पण बातमीत तो शब्द जड पडतो.

आणि हो, 'ऑफ-ड्युटी'चं 'रजेवरील' करू नका. रजा मंजूर करून घ्यावी लागते. पाळी संपवून घरी निघालेला शिपाई रजेवर नसतो, ड्युटीवर नसतो इतकंच. 'ड्युटीवर नसताना पिस्तूल झाकून बाळगण्याची मुभा' असं सरळ लिहा.