टनभर कोळशातून दीड टन कार्बन डायऑक्साइड? कसं शक्य आहे, आणि आमच्या बॉयलरचा आकडा कसा काढायचा?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. १२ किलो कार्बनला हवेतला ३२ किलो ऑक्सिजन लागतो, ४४ किलो वायू होतो. म्हणूनच लिटरभर डिझेलही साधारण २.७ किलो देतं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र माझं डोकं अजून तापतं.

मी बॉयलर हाऊसच्या लॅबमध्ये होतो. कोळसा वणीकडून यायचा. जुलैत ट्रक उलटला की आधी काळं पाणी वाहायचं, मग कोळसा पडायचा. काट्यावर ते पाणीही कोळसा म्हणूनच चढलेलं. आम्ही नमुना ट्रेमध्ये पसरून वाळवायचो, दळायचो, मग बॉम्ब कॅलरीमीटरला, म्हणजे कोळसा जाळून उष्णता मोजणाऱ्या यंत्राला लावायचो. त्या वर्षी जीसीव्ही, म्हणजे कोळशाची एकूण उष्णता, आला किलोला ४,६०० किलोकॅलरी.

उत्सर्जनाचा हिशेब करायला सल्लागार लॅपटॉप घेऊन आला. ४,६०० घेतले आणि सरळ काट्याच्या टनांनी गुणले. म्हटलं, अहो, उष्णता वाळलेल्या कोळशाची आणि वजन भिजलेल्याचं? "काका, सॉफ्टवेअर सगळं बघतं." साहेब हसले. लॅबवाल्याचं कोण ऐकतो!

आता हिशेब बघा. एकूण ओलावा १८ टक्के, वाळवलेल्या नमुन्यात ६. म्हणजे पाणी वगळून उरले ८२ आणि ९४. ४,६०० ला ८२ ने गुणा, ९४ ने भागा, उरतात ४,०००. त्यातून वाफेबरोबर चिमणीतून जाणारी उष्णता वजा केली की एनसीव्ही, म्हणजे निव्वळ उष्णता, ३,७५० च्या आसपास, म्हणजे किलोला १५.७ मेगाज्यूल. आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा, गुणक एनसीव्हीवरच लावायचा असतो. अशा कोळशाला गिगाज्यूलमागे ९६ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. किलोमागे दीड किलो आला. त्या पठ्ठ्याचा आला होता १.८५.

पुढच्या वर्षी दुसऱ्याने हिशेब नीट केला. कोळसा तेवढाच, तरी उत्सर्जन १८ टक्के "घटलं". साहेबांनी पेढे वाटले. मी दोन घेतले.

तेव्हा सल्लागार खुशाल नेमा, पण आधी त्याला पावसात यार्डात उभा करा. पदवी नंतर विचारा.

हां, एक राहिलंच. बगॅस (उसाची चिपाडं) किंवा भुशाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या विटा) मिसळत असाल तर त्यांचा वायू वेगळा दाखवतात, कोळशाच्या बेरजेत धरत नाहीत. राखेत न जळलेला कार्बन राहतो, तोही वजा करता येतो. पण त्यासाठी राखेचा नमुना घ्यावा लागतो, आणि तो लॅबवाल्यालाच घ्यावा लागतो.