वांग्याची मर: पुडी दुप्पट करू नका

प्रश्न (गुहागर तालुका): विहिरीजवळच्या वरकसात (भात न होणाऱ्या उंचवट्याच्या जमिनीत) सलग तिसऱ्या वर्षी वांगी आहेत. फळावर आलेली झाडं हिरवीगार असतानाच माना टाकतात. दुकानदाराने स्ट्रेप्टोची (स्ट्रेप्टोमायसिन, जिवाणूनाशक औषध) पुडी दोनदा दिली, आता दुप्पट मारा म्हणतो. या रोगाच्या जिवाणूचा जीनोम (त्याचा पूर्ण जनुकीय आराखडा) वाचलाय असं ऐकलं, मग औषध का नाही?

उत्तर: दुप्पट मारू नका. ही राल्स्टोनिया जिवाणूची मर (झाड माना टाकून मरण्याचा रोग) दिसते. खात्री करा: नुकतीच मान टाकलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा, काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगून धरा. पाच मिनिटांत दुधाळ तार उतरली, की जिवाणूच.

2002 मध्ये फ्रान्समध्ये टोमॅटोवरच्या राल्स्टोनियाचा जीनोम वाचून झाला: डीएनएची सुमारे 58 लाख अक्षरं, 5,100 च्या आसपास जनुकं. झाडाच्या पेशीत सोडायची कितीतरी प्रथिनं तो बाळगतो, हे त्यातून दिसलं. पुढे याचे चार मोठे गट पडले. आशियात मुख्यतः पहिला. तुमच्या कामाचं एवढंच: एका ठिकाणी टिकलेलं वाण दुसरीकडे, दुसऱ्या गटातल्या जिवाणूपुढे कोसळू शकतं. पाकिटावर ‘मर प्रतिकारक’ छापलंय म्हणून अख्खा मळा लावू नका. अर्का केशव, अर्का निधी या मर सोसणाऱ्या वांग्याच्या वाणांची आधी दहा-दहा रोपं लावून बघा.

जीनोम वाचला म्हणजे औषध सापडलं असं नाही. जिवाणू खोडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसतो, पानावरची फवारणी तिथे पोचत नाही. झाडाने मान टाकली की वेळ गेलेली असते. पुन्हा सांगतो, दुप्पट मात्रेने रोग जात नाही. औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे मागे उरतात. बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) सांगितली तर तीही घेऊ नका, हा बुरशीचा रोग नव्हे. कित्येक मळ्यांत बघितलंय, शेतकरी पुड्यांमागून पुड्या ओततो आणि शेवटी मळा उपटतो.

मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळा. पऱ्यात (ओढ्यात) टाकाल तर खालच्या शेजाऱ्याचा मळा बसेल. पाटाचं पाणी आजच बंद करा, रोग त्याच वाटेने सरकतो. ठिबक लावा, अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.

माझा आग्रह एकच: वांगी वरकसातून काढा आणि भात कापलेल्या खाचरात न्या. पावसाळाभर पाणी साचलेल्या चिखलात हा जिवाणू बराच कमी होतो. त्या वरकसात निदान तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची नको. नाचणी घ्या. जांभ्याची माती आंबट असते, तेव्हा माती तपासून, अहवालात लिहिला असेल तेवढाच चुना लागवडीआधी टाका, उभ्या पिकात नव्हे.