वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधील खासदारकी

प्रश्न : माझी भाची लेस्टरमध्ये नोकरी करते. तिच्याकडे भारतीय पासपोर्टच आहे. ती तिथे खासदारकीला उभी राहू शकते का? अर्ज भरताना काय लागते?

उत्तर : भारतीय पासपोर्टची अडचण नाही, प्रश्न व्हिसाचा आहे. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर भारतासह राष्ट्रकुलातील देशांचे नागरिकही उमेदवार होऊ शकतात, मात्र त्यांना ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी असावी लागते. मुदतीच्या व्हिसावर मत देता येते, उभे राहता येत नाही. वय अठरा पूर्ण हवे. त्याच मतदारसंघात राहण्याची किंवा तिथल्या मतदारयादीत नाव असण्याची अट नाही.

अर्जासोबत घराच्या पत्त्याचा वेगळा फॉर्म आणि साक्षीदाराच्या सहीचे संमतिपत्र द्यावे लागते. अर्जावर त्या मतदारसंघातील दहा मतदारांच्या सह्या लागतात : एक सूचक, एक अनुमोदक आणि आठ समर्थक. अनामत रक्कम ५०० पौंड. पाच टक्क्यांहून अधिक मते पडली तरच ती परत मिळते. मतदानाच्या आधीच्या एकोणिसाव्या कामकाजाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत कागद प्रत्यक्ष पोहोचले पाहिजेत, ईमेल चालत नाही.

चुका बहुधा सह्यांमध्ये होतात. जुन्या यादीतला मतदार क्रमांक लिहिला जातो, किंवा सही करणाऱ्याने आधीच दुसऱ्या कुणाच्या अर्जावर सही केलेली असते. सह्या घेतल्यावर उमेदवाराच्या नावात किंवा पक्षाच्या उल्लेखात बदल करणे तर सर्वांत धोक्याचे. म्हणून आधी अर्ज पूर्ण भरावा, मगच सह्या घ्याव्यात, दोन-तीन दिवस हाताशी ठेवून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात तपासून घ्यावा. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव हवे असेल तर पक्षाचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि खरी चाळणी तिथेच लागते. पक्ष नवख्याला बहुधा हरणारी जागा देतो. मार्गारेट थॅचर १९५० आणि १९५१ मध्ये डार्टफर्डमध्ये पडल्या, फिंचली मिळाले ते १९५९ मध्ये. टोनी ब्लेअर यांची १९८२ च्या बीकन्सफील्ड पोटनिवडणुकीत अनामतही गेली होती.

प्रश्न : दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये निवडून आले आणि तीन वर्षांत हरले. एवढ्या काळात त्यांच्या हाती काय लागले?

उत्तर : होबर्नमधून १८८६ मध्ये पराभव पत्करल्यावर ते सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षातर्फे अवघ्या ५ मतांनी आले. आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश भारतातील सनदी सेवेची, परीक्षा लंडनबरोबरच भारतातही घ्यावी, असा ठराव जून १८९३ मध्ये हर्बर्ट पॉल या खासदाराने मांडला. दादाभाईंनी त्याची बाजू लढवली आणि सरकारचा विरोध असताना तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. तरीही अंमल झाला नाही, कारण सभागृहाचा ठराव म्हणजे मतप्रदर्शन, कायदा नव्हे. भारताच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग १८९५ मध्ये नेमला गेला आणि दादाभाई त्याचे सदस्य झाले. आमच्या मते, ज्या तक्रारी आजवर सभांतून मांडल्या जात होत्या त्या सरकारी साक्षीपुराव्यात आल्या, ही त्यांची मोठी कमाई. आणि हे सारे विनावेतन. खासदारांना पगार सुरू झाला १९११ मध्ये, वर्षाला ४०० पौंड. एप्रिल २०२५ मध्ये तो ९३,९०४ पौंड झाला.

प्रश्न : मंत्रिपद मिळालेच नाही तर खासदाराची कारकीर्द वाया गेली असे समजायचे का?

उत्तर : अजिबात नाही. ६५० खासदारांपैकी फार तर ९५ जणांनाच मंत्री होता येते, ही मर्यादा १९७५ च्या कायद्याने घातली आहे. बाकीच्यांना मागच्या बाकांवरून काम करावे लागते, आणि नियम पाठ असलेला माणूस तिथून देशाचा कायदा बदलू शकतो.

मुख्य मार्ग अशासकीय विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाचा. अधिवेशनाच्या सुरुवातीला खासदारांच्या नावांची सोडत निघते आणि वीस नावे काढली जातात. अशा विधेयकांसाठी एका अधिवेशनात साधारण तेरा शुक्रवार असतात, सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच. त्यातले पहिले सात दुसऱ्या वाचनाचे, म्हणजे विधेयकाच्या मूळ हेतूवरील चर्चेचे, म्हणून पहिल्या सातांत नाव असेल तरच पूर्ण चर्चेची खात्री. इथेच बहुतेक विधेयके बुडतात. विरोधक अडीचपर्यंत बोलत राहतात. चर्चा बंद करून मत घ्यायचे तर बाजूने किमान शंभर मते हवीत, आणि शुक्रवारी बहुतेक खासदार आपापल्या मतदारसंघात लोकांच्या भेटी घेत असतात. त्यामुळे विधेयक मांडणाऱ्याचे खरे काम भाषणाच्या आधीच, शंभर जणांना लंडनमध्ये थांबवून ठेवण्याचे. अडीचनंतर एकाही सदस्याने ‘हरकत’ म्हटले की त्या दिवसापुरते विधेयक अडते. जून २०१८ मध्ये स्त्रियांची चोरून छायाचित्रे काढण्याविरुद्धचे विधेयक असेच अडले होते. लोकांत इतका संताप उसळला की सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि २०१९ मध्ये कायदा झाला. विधेयकामुळे मोठा सरकारी खर्च येणार असेल तर खर्चमंजुरीचा ठराव मंत्र्यानेच मांडावा लागतो. तो मांडला नाही की विधेयक समितीतच कुजते.

सिडनी सिल्व्हरमन यांचे उदाहरण आम्हाला फार मोलाचे वाटते. नेल्सन अँड कोन मतदारसंघातून ते १९३५ पासून १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत मजूर पक्षाचे खासदार होते. मंत्री कधीच झाले नाहीत. पक्षादेश झुगारल्यामुळे १९५४ मध्ये पक्षाने काही महिने त्यांना संसदीय गटाबाहेर ठेवले. फाशी रद्द करण्याचे त्यांचे विधेयक १९५६ मध्ये कॉमन्समध्ये (कनिष्ठ सभागृहात) संमत झाले, लॉर्ड्सनी (वरिष्ठ सभागृहाने) फेटाळले. त्यांनी पाठ सोडली नाही. सरकारने सभागृहाचा वेळ दिला आणि १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी पाच वर्षांसाठी थांबली. १९६९ मध्ये ती कायमची रद्द झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

प्रश्न : पक्ष बदलला तर खासदारकी जाते का? आणि राजीनामा कोणाकडे देतात?

उत्तर : पक्ष बदलल्याने जागा जात नाही. डग्लस कार्सवेल यांनी २०१४ मध्ये पक्ष बदलताना क्लॅक्टनची जागा सोडून पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली, पण ती त्यांची स्वतःची निवड होती. मतदारांना मात्र २०१५ च्या कायद्याने खासदार परत बोलावता येतो. त्यासाठी तीनपैकी एक कारण लागते : तुरुंगवासाची शिक्षा, सभागृहातून किमान दहा बैठकांचे निलंबन, किंवा भत्त्यांबाबत खोटी माहिती दिल्याचा गुन्हा सिद्ध होणे. मग सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या की जागा रिकामी होते.

साध्या राजीनाम्याची सोय १६२४ च्या ठरावापासून नाही. खासदार अर्थमंत्र्यांकडे चिल्टर्न हंड्रेड्स किंवा नॉर्थस्टेड या नाममात्र पदासाठी अर्ज करतो. असे पद घेणाऱ्याला खासदार राहता येत नाही, म्हणून नेमणूक होताच सदस्यत्व संपते. पोटनिवडणुकीचा प्रस्ताव सहसा ती जागा ज्या पक्षाची होती त्याचा मुख्य प्रतोद मांडतो. त्याला कायद्याने मुदत नाही, तीन महिन्यांच्या आत मांडण्याचा प्रघात आहे.