धूर मोजणाऱ्याची नोकरी

स.न.वि.वि.

आपले इचलकरंजीचे पत्र मिळाले. आपण कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलर सांभाळता, मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला प्रदूषण परवान्यांच्या बाजारात काम करायचे आहे. ‘पैसे भरा आणि धूर सोडा, यात कसलं आलंय करिअर?’ असे आपण विचारता. शंका रास्त आहे, पण आधी सुरतचे उदाहरण बघा.

तिथे २०१९ पासून चिमणीतल्या धुळीचा असा बाजार चालतो. सहभागी कारखान्यांनी मिळून महिन्याला किती धूळ सोडायची याचा आकडा ठरलेला असतो, आणि किलोच्या हिशेबाने परवाने असतात. ज्याच्या बॅगफिल्टरची, म्हणजे धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांची, निगा चोख, त्याचे परवाने उरतात, तो ते विकतो. ज्याला जमत नाही तो विकत घेतो. परवाने कमी पडले तर अनामत रकमेतून दंड कापला जातो. जुन्याच नियमांवर ठेवलेल्या कारखान्यांच्या तुलनेत बाजारातल्या कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे पैसे भरून हवा तितका धूर सोडता येतो असे नाही, एकूण आकडा बांधलेला आहे.

हे सगळे उभे आहे मोजमापावर. चिमणीच्या मचाणावर चढायचे, भोकातून नळी आत घालायची, धूर ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने तो ओढायचा. आधी वाळवून वजन केलेल्या थिंबलमध्ये, म्हणजे नळीतल्या छोट्या गाळणीत, धूळ जमते. ते पुन्हा वाळवून वजन करायचे. फरक मिलिग्रॅममध्ये येतो. चिमणीवर बसवलेले सततचे मापक यंत्रही याच वजनाशी ताडून बघतात.

गुजरातमध्येच पूर्वी ऑडिटर ज्या कारखान्याचे प्रदूषण तपासे, त्याची फी तोच कारखाना देत असे. तेव्हा अहवालातले धुळीचे आकडे घनमीटरमागे १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या जरासे खाली येऊन थांबत. फी सामाईक निधीतून दिली, दुसऱ्याकडून फेरतपासणी लावली, तसे खरे आकडे बाहेर आले. मुलीला हे जरूर सांगा. या क्षेत्रात तिच्यावर दबाव येईल तो इथेच.

एम.एस्सी.ला तिने पर्यावरणशास्त्र किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्र घ्यावे, आणि संख्याशास्त्र अजिबात टाळू नये. सुरुवात एखाद्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, चिमणीवर जाणाऱ्या तुकडीत करावी. पहिल्याच दिवशी एसी ऑफिसची अपेक्षा नको. हरितगृह वायूंसाठीही बाजार उभारणारी कार्बन क्रेडिट योजना केंद्राने २०२३ मध्ये अधिसूचित केली आहे. तिथे हिशेब मुख्यतः जळणाचा आणि विजेचा असतो, पण तो तपासणारी माणसे लागणारच.

आणखी एक. कोळसा ओला असला की धूर कसा बदलतो, फायरिंग कुठे चुकते, हे आपल्याला नुसत्या नजरेने कळते. पुस्तकात हे तिला मिळणार नाही. मालकांची परवानगी काढून येत्या सुट्टीत तिला चार दिवस बॉयलरपाशी उभी करा, आणि रोजची कोळशाची नोंदवही तिच्या हाती द्या.

आपला,
करिअर मार्गदर्शक