आधी तिथी, मग तारीख

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझा बेत दोनदा वाचला. विजयदुर्ग ते निवती, शिडाच्या होडीतून, होळीची पौर्णिमा धरून. प्रत्येक ठिकाणापुढे घड्याळाची वेळ: देवगड दुपारी दोन, आचरा संध्याकाळी पाच. आणि खाली प्रश्न, की मैत्रिणींच्या रजा जुळत नाहीत, तर मार्ग तोडू की सरळ मोटारबोट करू?

अगं, दोन्ही नको. तारीख बदल. आधी तिथी ठरते, मग तारीख. हे वाक्य या पत्रात पुन्हापुन्हा येईल, कंटाळू नकोस.

चांदणं हवं म्हणून तू पौर्णिमा धरलीस. चांदणं मिळेल, पण त्या दिवशी पाणी काय करतं ते बघ. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, किनाऱ्यावर हा हिशोब पोरासोरांनाही येतो. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार, दुपारी आणि पहाटेही. पौर्णिमेला अकरा-साडेअकरा. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं बघायचीच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पुरती ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला तू पाच वाजता आचऱ्याला पोचशील तेव्हा पाणी सरत आलेलं. खाडीच्या मुखावर वाळूचा दांडा आहे, त्यावर खोली उरलेली नाही. उधाणाचं पाणी, म्हणून बाहेर पडणारा ओढही मोठा. त्यातच दुपारपासून वाढत गेलेला वायव्येचा वारा लाटा आत ढकलतोय. बाहेर येणारं पाणी आणि आत जाणारी लाट समोरासमोर आली की लाट आखूड होते, उभी राहते आणि दांड्यावर फुटते. होडीची मागची बाजू उचलली जाते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसते, होडी आडवी फिरते आणि पुढची लाट कुशीवरून आत. मोटारबोट केलीस तरी दांडा तिथेच असणार आहे.

आता हाच मार्ग फाल्गुन शुद्ध पंचमीला सुरू कर. भरती पहाटे पावणेचारच्या सुमारास, म्हणजे उजाडताना पाणी बाहेर चाललेलं. त्याच वेळी जमिनीवरून मतलई वाहत असते. वारा आणि पाणी एकाच दिशेला, त्यामुळे मुखावर लाट उठत नाही. नऊ-दहाला मतलई पडते. दोनेक तास वारा नसतो, तेव्हा खा, पाणी पी, सावली धर, वल्ही मारून दमू नका. बारा-एकला वायव्येचा वारा धरतो. तू दक्षिणेला चालली आहेस, म्हणजे तो उजव्या हाताला मागून येणार, शिडाच्या होडीला याहून चांगला वारा नाही. आणि दुपारी तीनच्या आसपास पुढच्या खाडीपाशी पोचशील तेव्हा पाणी चढतं असेल. चढत्या पाण्यात होडी टेकली तरी अर्ध्या तासात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच, कलंडलेली.

शिवाय पंचमीकडून अष्टमीकडे उधाण उतरून भांग येतो, म्हणजे पाण्याची चढउतर कमी, ओढ कमी. आणि तुझं चांदणंही आहेच. शुद्ध पक्ष आहे, रात्री जेवणं होईपर्यंत चंद्र पश्चिमेला दर्यावर असतो. म्हणून म्हणते, आधी तिथी.

मुक्काम असे ठेव. पंचमीला विजयदुर्ग ते देवगड, वीसेक किलोमीटर. षष्ठीला देवगड ते आचरा, साधारण तेवढंच. सप्तमीला आचरा ते मालवण, त्याहून थोडं कमी. अष्टमीला होडी बांधलेली आणि सिंधुदुर्ग. नवमीला निवती. देवगड ते मालवण एका दिवसात होतं असं कोणी सांगेल. होतं, पण ताशी सहा-सात किलोमीटरच्या होडीला वारा उशिरा धरला तर अंधारात मालवणचे खडक गाठावे लागतात. मालवणच्या बंदरात किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक पसरलेत. ओहोटीला दिसतात, भरतीला त्यांच्यावर पाणी असतं, अर्ध्या पाण्याला मात्र दिसतही नाहीत आणि वर खोलीही नसते. तिथे स्थानिक तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हातात सुकाणू असलं पाहिजे, तुझ्या फोनवरचा नकाशा कितीही चांगला असू दे.

तुझ्या हाती शिडाचा दोर येईल, तू मागशीलच. तो हाताला गुंडाळून धरायचा नाही. खुंटीला एक वेढा दे आणि टोक हातात ठेव. कड्याखालून जाताना वाऱ्याचा झपाटा अचानक येतो, तेव्हा दोर त्याच क्षणी सुटला पाहिजे. गुंडाळलेला असेल तर बोटं जातात, नाहीतर होडी कलते. नांगराचा दोर खोलीच्या पाचपट, आणि खोली भरतीची धरायची. ओहोटीला तीन मीटर पाणी दिसलं तर त्यात दोन मीटर मिळव आणि पंचवीस मीटर दोर सोड. माणशी रोज चार लिटर पाणी, प्रत्येकीला अंगावर लाइफ जॅकेट, ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर कागदावर लिहून ठेव. बंदरावर तीन नंबरचा बावटा दिसला तर तो दिवस किनाऱ्यावर. परतीला होडी नको, वाऱ्याच्या तोंडावर उत्तरेला चढण्यात सगळा उत्साह जातो. कुडाळहून गाडी पकड.

रीतींबद्दल तू एका ओळीत विचारलंस, मला त्या ओळीचा थोडा राग आला. रीती बघायला जायच्या नसतात, पाळायच्या असतात. होडीत पाय ठेवण्याआधी चपला काढ. तांडेल नारळ ठेवून गाऱ्हाणं घालेल, तेव्हा फोन खाली आणि प्रत्येक ओळीला सगळ्यांबरोबर ‘होय म्हाराजा’. किनाऱ्यालगत रापण टाकलेली असेल, म्हणजे वाळूवर दोन ठिकाणी माणसं रांगेने दोर ओढताना दिसतील, तर त्या अर्धवर्तुळाच्या बाहेरून लांब वळसा घाल. आतून गेलीस तर जाळं फाटतं आणि अख्ख्या गावाचा दिवस जातो. किनाऱ्यावर असशील तेव्हा दोराला हात लाव, ओढणाऱ्याच्या हातावर मासळी ठेवायची पद्धत आहे. नाही म्हणू नकोस.

आचऱ्याला रामेश्वराच्या देवळात जा आणि निघण्याआधी गावपळणीची चौकशी कर. काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल झाला की सगळं गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. त्या दिवसांत तुला तिथे मुक्काम नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तर तिथीलाही बांधलेली नसते, कौलाने ठरते, ती आड आली तर मालवणात खोली मिळणार नाही.

सिंधुदुर्ग तिसऱ्या प्रहरी बाहेरच्या बाजूने बघ. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी सगळे तट आणि कडे स्वतःच्याच सावलीत असतात, उन्हं उतरली की जांभा पेटल्यासारखा लाल होतो. किल्ल्यात जाण्याआधी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी थांब. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी इथे पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर काम सुरू केलं. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव, चहूकडे खारं पाणी असून या विहिरी गोड.

मला हट्टी म्हणतात. असेन. आमच्या पिढीने डोलकाठ्या उतरवून इंजिनं बसवली. पोटासाठी बसवली, त्यात कोणाला दोष देत नाही. पण इंजिनाबरोबर घड्याळ आलं आणि पाण्याला विचारायची सवय गेली, याची हळहळ मला आहे. आज परबाण, म्हणजे शीड बांधायची तिरकी काठी, चढवता येणारे हात किनाऱ्यावर शोधावे लागतात. तू शिडाची होडी मागितलीस म्हणून तर एवढं लिहिलं. मोटारबोटीचा बेत असता तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं.

आणि होळी चुकणार नाही. नवमीला निवतीला होडी सोडलीस की पौर्णिमेला सहा दिवस उरतात. तांडेलही तेव्हा होडीवर यायचा नाही, शिमग्याला तो आपल्या घरी, आपल्या देवाच्या मांडावर, म्हणजे शिमग्याला गाव जमतो त्या जागेवर असतो. तूही तिथेच अस.

पंचांग काढ. फाल्गुन शुद्ध पंचमी कोणत्या वारी येते ते बघून नवा बेत पाठव. सोमवार निघाला तर सोमवार. ज्यांना रजा मिळत नाही त्यांना पुढच्या वर्षी ने, तांडेलाला मात्र आजच निरोप दे, फाल्गुनात त्याचे दिवस लवकर भरतात.