तळी, डोंगर आणि हिवाळ्यातला एक दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : डोंगरांमधली पाच-सहा तळी एका दिवसात गाडीने फिरून फोटो काढायचे आहेत. ॲपमध्ये सूर्योदय सातचा दाखवतो. पहिल्या तळ्यावर सातला पोचलो तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. शिखरांवर रंग चढायला सुरुवात होते ती सूर्योदयाच्या आधीच्या वीस-तीस मिनिटांत. गाडी लावायची, बर्फातून काठापर्यंत चालायचे, जागा ठरवून ट्रायपॉड उभा करायचा, हे सगळे अंधारात आणि हातमोजे घालून होते. म्हणून सहाला पोचायच्या हिशेबाने निघा. शिखरावर पहिले ऊन हवे असेल तर तळ्याचा पूर्व काठ गाठून पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. पहिला किरण पश्चिमेच्या डोंगराच्या पूर्व उतारावरच पडणार.

तळ्याच्या पाण्यावर ऊन कधी येईल, हा मात्र निराळा हिशेब. ॲप सपाट क्षितिज धरून वेळ सांगते, तळ्यासमोर डोंगर उभा असतो. समजा, दक्षिणेची कड तळ्यापासून २ किलोमीटरवर आणि पाण्यापेक्षा ७०० मीटर उंच आहे. म्हणजे ती क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर आली. डिसेंबरअखेरीस उत्तर गोलार्धात भर दुपारी सूर्याची उंची काढायची तर ९० मधून अक्षांश आणि २३.४ वजा करा. ४७ अक्षांशावर ती भरते जेमतेम २० अंश. अशा तळ्यावर दुपारी थोडा वेळ ऊन येईल, एरवी दिवसभर सावली. ३५ अक्षांशावर तेच गणित ३२ अंशांवर जाते आणि तळे बराच वेळ उन्हात राहते. जागेवर अंदाज घ्यायचा तर हात पूर्ण ताणून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण १० अंश असते.

आणि पाच-सहा तळी नकोत. तीन पुरे. हिवाळ्यातले ऊन दुपारीही तिरपे असते, त्यामुळे उन्हाळ्यासारखी भर दुपार वाया जात नाही. ती प्रवासात घालवली तर नुकसान तुमचेच. शेवटचे तळे मुक्कामाच्या सर्वांत जवळचे निवडा. दिवसा वितळून रस्त्यावर आलेले पाणी ऊन उतरले की पुन्हा गोठते, आणि नेमक्या त्याच वेळी लांबचा परतीचा रस्ता नको.

प्रश्न : डोळ्यांना पांढराशुभ्र दिसलेला बर्फ फोटोत मळकट राखाडी येतो. कॅमेरा बिघडलाय का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार असे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो आणि बर्फालाही राखाडीवर आणून ठेवतो. त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (फोटो मीटरपेक्षा उजळ किंवा गडद करणारी सेटिंग) वर ढकलावे लागते. ढगाळ हवेत चौकटीत जवळपास सगळा बर्फच असेल तर +१.७ स्टॉप, कधी +२ (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उन्हातल्या बर्फाला +१ ने सुरुवात करा. चौकटीचा निम्मा भाग काळे पाणी किंवा सूचिपर्णी झाडी असेल तर बहुधा काहीच करावे लागत नाही. एकच आकडा लावून दिवसभर फिरणाऱ्यांचे निम्मे फोटो त्यामुळेच फसतात.

हिस्टोग्रॅम (फोटोतला उजेड काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती ते दाखवणारा आलेख) बघताना लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगळे लावा. पहाटे गुलाबी झालेल्या शिखरावर लाल आधी उजव्या भिंतीला टेकतो आणि एकत्रित आलेख मात्र निर्धास्त दिसत राहतो. नंतर तो भाग कितीही गडद केला तरी गुलाबीऐवजी फिकट पिवळट डाग हाती लागतो. सावलीतल्या बर्फात हेच निळ्याचे होते. फोटो रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग, ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवा. ऑटो पहाटेचा रंग पुसायला बघतो. सावलीचा निळेपणा थोडा कमी करावा, पण पार काढू नये. त्या सावलीवर निळ्या आकाशाचाच उजेड पडलेला असतो, तो रंग खरा आहे.

प्रश्न : तळ्यातले प्रतिबिंब नेहमी काळपट येते. दोन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली स्वच्छ अशी काच) घ्यावा का? पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावावा का?

उत्तर : आधी कॅमेरा खाली आणा. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवते. पृष्ठभागाशी १० अंशांच्या कोनातून पाहिले तर सुमारे एक-तृतीयांश, आणि त्याहून तिरपे पाहिले तर आणखी जास्त. म्हणजे १० अंशांवरचे प्रतिबिंब मूळ डोंगरापेक्षा साधारण दीड स्टॉप काळे असते. त्यावर दोन स्टॉपचा फिल्टर लावला की प्रतिबिंब डोंगरापेक्षा उजळ होते, आणि का ते कळले नाही तरी बघणाऱ्याला फोटो खोटा वाटतो. एक स्टॉपचा, मऊ कडेचा फिल्टर पुरतो. त्याची संक्रमणरेषा पलीकडच्या काठावर बसवा.

पोलरायझर पाण्यावरची चमक सर्वांत जास्त मारतो ती पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात. जवळच्या पाण्याखालचे गोटे दाखवायचे असतील तर तो हवाच. दूरच्या डोंगराचे प्रतिबिंब मात्र याहून बरेच तिरपे असते, तिथे परिणाम अर्धवट होतो. म्हणून ठरावीक जागी फिरवून सोडून देऊ नका. डोळा चौकटीवर ठेवून हळूहळू फिरवा आणि प्रतिबिंब टिकून आकाश सावरेल तिथे थांबा. फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) २४ मिमीपेक्षा रुंद लेन्स असेल तर निळ्या आकाशात मधोमध गडद पट्टा उमटतो. तो नंतर नीट काढता येत नाही, तिथे फिल्टर उतरवलेलाच बरा. दीड-दोन स्टॉप उजेड जातो तो वेगळाच.

पाणी निश्चल हवे असेल तर पहाट गाठावी. उतार तापले की दरीतून वर वारा सुटतो आणि एवढ्याशा झुळुकीने प्रतिबिंब मोडते. मोठे तळे हलू लागले तर काठावरचे आडोशाचे डबके शोधा. लेन्स पाण्यापासून हातभरापेक्षा कमी उंचीवर धरली तर त्या डबक्यात अख्खा डोंगर मावतो.

प्रश्न : काच खाली करून गाडीतूनच टेलिफोटो लेन्सने काढलेले फोटो कायम मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतात. शटर १/१००० असूनही असे का?

उत्तर : हिटर. गाडीतली गरम हवा उघड्या खिडकीतून बाहेरच्या थंड हवेत मिसळते तो पडदा तुमच्या लेन्सच्या अगदी पुढ्यात असतो. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून डोंगराच्या कडा थरथरतात. कितीही वेगवान शटर यावर उपाय नाही. फोकसचा दोष समजून लोक लेन्स दुरुस्तीला देतात. इंजिन आणि हिटर बंद करा, सगळ्या काचा खाली करून गाडी बाहेरइतकी थंड होऊ द्या. त्यापेक्षा सोपे म्हणजे खाली उतरा आणि बॉनेटपासून दूर उभे राहा. तापलेल्या बॉनेटवरूनही हवा तशीच हलते.

प्रश्न : थंडीतून गाडीत आल्यावर कॅमेऱ्यावर पाणी धरते आणि बॅटरी अर्ध्या वेळात संपते. काय करावे?

उत्तर : २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या गाडीत दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे ९ अंश असतो. बाहेरून उणे ५ अंशांचा कॅमेरा आत आणला की त्यावर पाणी धरणारच, आणि ते फटींतून आतही जाते. म्हणून दिवसभर कॅमेरा डिकीत, थंडच ठेवावा. दर थांब्याला गरम-थंड करत राहणे सर्वांत वाईट, कारण ओला कॅमेरा पुन्हा बाहेर नेला की तेच पाणी काचेवर गोठते. संध्याकाळी मुक्कामी आत जाण्यापूर्वी, बाहेरच, कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करा. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरेल. दोन तास, जड लेन्सला तीन तास, पिशवी उघडू नका. फोटो बघायची घाई असते म्हणून तर कार्ड आधी काढायचे.

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज लवकर घसरते. ती रिकामी झालेली नसते. जादा बॅटऱ्या आतल्या, अंगाला लागून असलेल्या खिशात ठेवा आणि ‘संपलेली’ बॅटरीही तिथेच टाका. ऊब मिळाली की आणखी काही फोटो निघतात. मात्र शून्याखाली थंडावलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नका. आत धातुरूप लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होते.

प्रश्न : रस्ता कोरडा दिसतो तरी गाडी घसरते. कुठे सावध राहावे?

उत्तर : पुलांवर, दिवसभर सावलीत राहणाऱ्या वळणांवर आणि तळ्याला लागून जाणाऱ्या पट्ट्यांत. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो बाकी रस्त्याआधी गोठतो. तळ्याकाठी हवेतला ओलावा रस्त्यावर पातळ, पारदर्शक थराने बसतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो. शून्याच्या आसपासचा बर्फ उणे पंधराच्या बर्फापेक्षा निसरडा असतो, तेव्हा ‘आज फारशी थंडी नाही’ म्हणून वेग वाढवू नका. उतारावर आधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर भिस्त नको. चाके घसरलीच तर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून ठेवा, पेडलची थरथर जाणवली तरी सोडू नका.

तापमान ७ अंशांखाली राहत असेल तर हिवाळी टायर, तेही चारही चाकांना. हवा रोज सकाळी निघण्याआधी तपासा: २० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर उणे ५ ला २९ वर येतो. फोटोसाठी वळणावर किंवा रस्त्याच्या कडेला थांबू नका, मागच्याला तुमच्यासाठी वेळेत थांबता येणार नाही. बर्फात रुतलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचे असेल तर आधी सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा. ते बुजले तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : गोठलेल्या तळ्यावरच्या भेगांचे फोटो काढायला किती आत जावे?

उत्तर : एक पाऊलही नाही. एका माणसासाठी किमान १० सेंटिमीटर जाड, पारदर्शक, घट्ट बर्फ लागतो असे साधारण मानतात. पण तळ्यात ओढा येतो किंवा बाहेर पडतो तिथे आणि झऱ्यांवर जाडी एकदम कमी होते, वर पडलेल्या हिमाखाली ते दिसत नाही, आणि दुधाळ पांढरा बर्फ पारदर्शक बर्फाच्या निम्म्या ताकदीचा धरतात. भेगा काठालाही असतात. फुल-फ्रेमवर १६ मिमी लेन्स, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/११, कॅमेरा बर्फापासून अर्ध्या मीटरवर आणि फोकस ८० सेंटिमीटरवर ठेवा. ४० सेंटिमीटरपासून पलीकडच्या शिखरापर्यंत सगळे रेखीव येते, आणि ट्रायपॉडचे तिन्ही पाय जमिनीवरच राहतात.